डावीकडचा ब्रेक

रविवार, ३ तारीख

दादा,

पोचले. किल्ली तू सांगितलेल्या जागी नव्हती, शेजारच्या नर्सबाईंकडे होती. त्या म्हणाल्या, तुझा भाऊ सगळ्यांना कुंडीखाली म्हणून सांगतो आणि ठेवतो माझ्याकडे. म्हणजे तू होतास तसाच आहेस.

फोन का नाही केलास, असं तू विचारणार नाहीस, पण समजू विचारलंस. फोनवर तू "हं" म्हणतोस. मी बोलले की हं, मी ओरडले की हं. कागदाला हं म्हणता येत नाही. शिवाय तुझ्या त्या वाळवंटातल्या साइटवर कंपनीची टपालाची थैली आठवड्यातून एकदाच जाते म्हणे. मला भांडायला आणि तुला निवायला भरपूर वेळ आहे.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की तू बाबांना या गावात आणून मारलंस. ते मी परत घेत नाहीये. तेव्हापासून तू काही बोलला नाहीस आणि आता एकदम मेसेज, "घर रिकामं आहे. वापर." तो इतक्या वेळा वाचलाय, तरी त्यात माया आहे की कटकट टाळणं आहे ते कळेना. म्हटलं जाऊन बघावं.

कामाचं सांगते. आमची लॅब बंद होतेय. दात आता मशीन बनवतं. मालकांनी प्लास्टरच्या साच्यांची कपाटं रिकामी केली, किती तरी अनोळखी माणसांचे जबडे पोत्यात भरून गेले. तुझ्या गावातल्या एका लॅबच्या मालकीणबाईंनी मला बोलावलंय. मशीन त्यांच्याकडेही आहे, पण रंग लावायला अजून माणूस लागतो. कुठल्याही दोन माणसांच्या समोरच्या दातांचा पांढरा एकसारखा नसतो आणि मशीनला हे पटत नाही. पगार बरा आहे. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे. दवाखाने गावभर विखुरलेत आणि रंग जुळवायला पेशंटच्या तोंडासमोर जाऊन बसावं लागतं. मी म्हटलं, शिकतेय. शिकत बिकत काही नाहीये. महिनाभर अर्धा दिवस काम करून बघायचं आणि तीस तारखेला हो की नाही ते सांगायचं, असं ठरलंय.

तर महिनाभर तुझ्या घरात राहून ठरवायचं, या गावात जन्म काढायचा का.

गॅरेजची किल्ली त्याच जुडग्यात आहे. बाबांची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी अजून आत आहे, आणि तू सांगून गेल्याप्रमाणे नर्सबाई आठवड्यातून एकदा ती चालू करून ठेवतात, हे मला आत्ता कळलं. मला वाटलं होतं विकलीस.

मी गॅरेज उघडणार नाहीये.

गोगलगाय

(नाव तूच ठेवलंयस. आता जन्मभर ऐक.)


बुधवार, ६ तारीख

दादा,

तुझ्या गावात चालणं हा आजार आहे का?

लॅब फार लांब नाही. मी चालत निघाले. फूटपाथ कोपऱ्यापर्यंत आहे, तिथे त्याचं काम संपतं. पुढे नुसती गवताची कड आणि शेजारून अंगावर आल्यासारख्या गाड्या. पहिली थांबली ती एक व्हॅन. काच खाली करून बाई म्हणाली, बंद पडली का? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, गाडी. मग एक पाणीवाला थांबला, त्यालाही तेच. परत येताना पोलिसांची गाडी आली. कुठे राहता? भावाकडे. भाऊ कुठे आहे? म्हटलं, तो नाहीये. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला आत बसवून तुझ्या दारापर्यंत आणून सोडलं. बाबांना सांगितलं असतं तर हसून हसून ठसका लागला असता.

औषधाचं दुकान तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. दिसतं म्हणजे फक्त दिसतं. मधला रस्ता ओलांडायला जागाच ठेवलेली नाही. नर्सबाई गाडी काढतात, लांबून वळसा घालतात, दुकानासमोर लावतात, गोळ्या घेतात आणि वळसा घालून परत येतात. मी खिडकीतून त्यांना जाताना बघते आणि येताना बघते.

तुझ्या गल्लीत कोण राहतं मला माहीत नाही, पण शटरं ओळखू यायला लागलीत. शटर वर, गाडी आत, शटर खाली. एकाचं शटर शेवटी खोकल्यासारखं करतं. एवढीच ओळख.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या मागच्या फाटकापासून एक पाऊलवाट जाते. गवतात, सरळ, ओढ्याच्या पलीकडे. आता तिच्यावर गवत येतंय पण रेघ स्पष्ट दिसते. ज्या गावात कुणी चालत नाही तिथे ही कुणी पाडली?

आणि दुसरं. काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी परत आले तेव्हा तुझ्या गॅरेजच्या शटरखाली लाल रेघ होती. उजेडाची. आतला कसला तरी दिवा चालू राहिलाय. जेवण झाल्यावर पाहिलं तर नव्हती.

गोगलगाय


शनिवार, ९ तारीख

दादा,

गॅरेज मी उघडलेलं नाही.

उघडलं. बुधवारीच उघडलं होतं, पत्र बंद केल्या केल्या. माझं नाव तू उगाच नाही ठेवलंस, गोगलगाय आणि पोटात पाय.

लाल उजेड गाडीच्या मागच्या दिव्यांचा आहे. ब्रेक दाबल्यावर लागतात ते. गाडी बंद, किल्ली माझ्या हातात, आत कुणी नाही आणि ब्रेकचे दिवे लागलेले. मी डावीकडच्या काचेतून वाकून पाहिलं. डावीकडचं पेडल खाली गेलेलं होतं. बाबांचं.

मी शटर ओढलं, घरात आले आणि सगळे दिवे लावून बसले. थोड्या वेळाने रेघ गेली. गुरुवारी सहाला परत आली. काल परत.

तू आता हसत असशील. हस.

मी रोज गाडीत जाऊन बसते. सहाच्या आधी, दुपारी. सगळं तसंच आहे. बाबांच्या बाजूचा तो जादा आरसा, त्याला बांधलेली दोरी, "शिकाऊ" लिहिलेली लाल पाटी मागे उलटी ठेवलेली. मी मागच्या सीटवर बसते. लहानपणी आपण तिथेच बसायचो ना. पुढे कुणीतरी घामाघूम होऊन गिअर शोधतंय, शेजारी बाबा, आणि मागे ज्याची पाळी अजून यायचीय तो पुढचा विद्यार्थी, त्याला चिकटून तू नि मी. बाबांचा एक पाय कायम त्या पेडलवर. कधी ओरडायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "आरसा कुणासाठी लावलाय, केस विंचरायला?"

आणि ज्या दिवशी मास्तर सीटवर मांडी घालून बसतील त्या दिवशी तो विद्यार्थी पास. परीक्षा बिरीक्षा सरकारची. खरा निकाल तो. ब्रेकवरचा पाय उचलून माणूस मांडी घालतो म्हणजे त्याने तुमच्या हातात जीव दिला. बायका रडायच्या. तो कसायाचा धिप्पाड मुलगा आठवतो? तोही रडला होता.

आपल्याला मात्र शिकवलं नाही. घरच्यांना शिकवायचं नाही, घरच्यांसाठी पाय जड होतो, म्हणायचे. तू समोरच्या स्कूलमध्ये शिकलास आणि पहिल्या खेपेला नापास झालास. गावभर झालं, मास्तरांचा मुलगा नापास. मी शिकलेच नाही. मला काय गरज होती, मी चालायचे.

आता इथे तेच विचारतात सगळे. गाडी येते ना? येते ना गाडी?

गो.


मंगळवार, १२ तारीख

आज मेकॅनिक आला होता. नर्सबाईंनी बोलावला. मी त्यांना सांगितलं की ब्रेकचे दिवे आपोआप लागतात, त्या म्हणाल्या बॅटरी उतरत असेल, तरीच गेल्या आठवड्यात धक्का मारायची वेळ आली.

मेकॅनिक गाडीखाली गेला, बाहेर आला आणि त्याने कारण सांगितलं. ताई, डाव्या पेडलपासून उजव्या पेडलपर्यंत एक दांडी गेलीय, ती जुनी झालीय. दिवसभर शटर तापतं, संध्याकाळी गार होतं, तशी दांडी आखडते आणि पेडल खाली ओढते. ब्रेक दाबला गेला की दिवा लागणार. मग पूर्ण गार झालं की सुटते. सोपं आहे. डावं पेडल कापून टाकतो, आता काय कामाचंय, स्कूल तर बंद झालं.

कारण मला पूर्ण पटलं. मी त्याला कापू दिलं नाही. म्हटलं भावाला विचारते. तर विचारतेय. कापू का?

(काल दिवसभर ढग होते. शटरला हात लावून पाहिला, गारच होतं. सहाला दिवे लागले. हे मी मेकॅनिकला सांगितलं नाही.)

आता मुद्दा. त्याला तेलाचं पुस्तक हवं होतं म्हणून मी डावीकडचा समोरचा कप्पा उघडला. आत कवळी होती.

बाबांची. फडक्यात गुंडाळलेली. मी बनवलेली, मला ओळखायला चष्मा नको. वरचा डावा सुळा मी मुद्दाम जरा तिरका बसवला होता, त्यांचा स्वतःचा होता तसा. बाबा म्हणाले होते, एवढे पैसे खर्चून वाकडाच दात? आणि मग बराच वेळ आरशात बघत राहिले होते.

दादा, मी पोचले तेव्हा त्यांचं तोंड बोळकं होतं. मी विचारलं कवळी कुठाय. तू म्हणालास सापडत नाहीये. तू म्हणालास, रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. झोपताना बाबा कवळी उशाशी वाटीत काढून ठेवायचे, पाण्यात. आयुष्यात कधी फडक्यात गुंडाळली नाही, वाळते म्हणून मीच ओरडायचे.

ती गाडीच्या कप्प्यात कशी?

मला हं नकोय.


शुक्रवार, १५ तारीख

दादा,

तू नाही सांगितलंस, नर्सबाईंनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. मी कवळी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिले. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, त्यांनीही आधी चहा केला, मग कप विसळले, मग आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "पोरी, खोटं बोलला तो तुझ्यासाठी नाही बोलला. स्वतःसाठीच बोलला. चल, दाखवते." आणि गाडीची किल्ली घेतली. मी म्हटलं, चालत जाऊ. त्यांचे गुडघे गेलेत, तरी आल्या.

मागच्या फाटकातून. त्या पाऊलवाटेने.

ओढ्यावर फळी टाकलीय. पुढे बंद पडलेल्या मोठ्या दुकानाची पार्किंगची जागा, एवढी मोठी की पलीकडचा दिव्याचा खांब बोटाएवढा दिसतो. भेगांतून गवत. आणि टोकाला बसस्टॉप. छप्पर, बाक, खांब. खांबावरची पाटी कुणीतरी काढून नेलीय. बस बंद होऊन किती वर्षं झाली हे नर्सबाईंनाही आठवेना.

तिथे सापडले बाबा. दुपारी. अंथरुणात नाही.

बाकाच्या डाव्या टोकाला बसलेले. उजवीकडे एका माणसाची जागा सोडलेली. एक पाय पुढे ताणलेला. नर्सबाई म्हणाल्या, पाय असा पुढे का, हे मला कळेना, तुझ्या भावाला लगेच कळलं आणि तो त्या पायापाशी जाऊन बसला.

मला कुणी सांगितलं नव्हतं की शेवटच्या वर्षात बाबांना माणसं ओळखू येत नव्हती. फोनवर माझ्याशी बोलायचे ना ते. "बरं आहे, जेवलीस का" म्हणायचे. नर्सबाई म्हणतात, ते सगळ्यांनाच विचारायचे. मेकॅनिकलाही.

मी विचारलं, ते रोज यायचे का इथे, केवढी वाट पडलीय. त्या म्हणाल्या, "मास्तर या वाटेने एकदाच आले. वाट तुझ्या भावाने पाडली." ते गेल्यावर. रोज कामावरून आलास की गाडी दारात लावायचास आणि चालत इथे यायचास. अंधार पडेपर्यंत बाकाच्या उजव्या टोकाला. वर्षाच्या वर. मग एक दिवस तू त्यांना किल्ल्या दिल्यास आणि वाळवंटात गेलास.

म्हणजे तू नोकरीसाठी नाही गेलास. आणि मला घर नाही दिलंस. मला बाबा दिलेस, सहा वाजताचे, आणि स्वतः पळालास.

मी तीस तारखेला नाही म्हणून सांगणार आहे. माझ्या खोलीचं भाडं मी अजून भरतेय, तिथे खाली उतरलं की दुकान आहे, माणसं आहेत, कुणी विचारत नाही काय बंद पडलं म्हणून. फक्त एक सांग. ते कुठे निघाले होते? माझ्याकडे यायला निघाले होते का?

एवढंच सांग. मग नाही लिहिणार.


मंगळवार, १९ तारीख

दादा,

लिहिणार नाही म्हणाले होते. पण झालं ते सांगितलं पाहिजे.

नर्सबाई मला त्यांच्या गाडीवर शिकवतायत, दिवसा, त्या बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये. त्यांच्या गाडीला क्लचच नाही, खेळण्यातल्यासारखी आहे. पण आरसा, हात, नजर ते सगळं तेच. आणि बाबांचं बाकीचं तर पाठच आहे मला, इतकी वर्षं मागे बसून ऐकलंय.

काल सहाला दिवे लागले तेव्हा मी पळाले नाही. उजव्या सीटवर जाऊन बसले. पहिल्यांदाच. शटर अर्धं वर, गाडी बंद. डावीकडे बघितलं नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे. आरसा बघितला. बाजूचा आरसा. क्लच दाबला, पहिला गिअर, हँडब्रेक सोडला, पुन्हा आरसा, क्लच हळूहळू वर. बंद गाडीत काय होणार. पण एकही चूक केली नाही. तिसऱ्या गिअरपर्यंत गेले आणि परत आले.

डावीकडे टक् असा आवाज झाला. पेडल वर आलं. भिंतीवरचा लाल उजेड गेला.

आज सहाला लागलाच नाही. मी बाहेर उभी राहून वाट बघितली. घर नुसतं घर झालं. दोन खोल्या, ओटा, नळ. मला बरं वाटायला हवं होतं.

गोगलगाय


रविवार, २४ तारीख

दादा,

तुझं पत्र आलं. तू पत्र लिहिलंस. नर्सबाईंनी अक्षर बघून विचारलं, भाऊ डॉक्टर आहे का. तुझी वाक्यं मी इथे परत उतरवून काढतेय, म्हणजे मी ती कशी वाचली ते तुला कळेल.

तू लिहिलंयस: तुझ्याकडे यायला निघाले नव्हते.

बरं. हे वाचून मी आधी ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायले. मग पुढचं.

तू लिहिलंयस: मी सहाला यायचो तेव्हा ते गॅरेजमध्ये डाव्या सीटवर बसलेले असायचे. दुपारपासून. मला ओळखायचे नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाले, उशीर केलास, बस. मी बसलो.

म्हणजे तू बसलास. नापास झालेला. इतकी वर्षं गाडी चालवणारा.

तू लिहिलंयस: त्यांनी मला शिकवलं. तिथेच, बंद गाडीत. घरचा आहे हे विसरले म्हणूनच शिकवलं.

हे वाक्य मी मोठ्याने वाचलं. नर्सबाई पलीकडे भाजी चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली.

तू लिहिलंयस: मी मुद्दाम चुकायचो. क्लच न दाबता गिअर टाकायचो, आरसा विसरायचो. ते ब्रेक दाबायचे, म्हणायचे पुन्हा. चूक झाली की त्यांचा चेहरा जागा व्हायचा. जेवतानाही तसाच राहायचा. म्हणून रोज चुकायचो. मला ते दिवस आवडायला लागले होते.

मला हेवा वाटला, दादा. खोटं कशाला बोलू. तुझी दया आली, त्याच्या आधी हेवा वाटला.

तू लिहिलंयस: एक दिवस कामावर फार झालं होतं. डोकं चालत नव्हतं. बसलो आणि लक्ष नसताना सगळं बरोबर केलं, रोज रस्त्यावर करतो तसं. त्यांनी कवळी काढली, फडक्यात गुंडाळून कप्प्यात ठेवली, दिवसाचं काम संपल्यासारखी. पाय वर घेतला. मांडी घातली. म्हणाले, बापाला जाऊन सांग, तुझं पोरगं तयार झालं.

इथे मी थांबले. इथे कुणीही थांबेल.

तू लिहिलंयस: मी रडलो. मला वाटलं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना ते नवीन विद्यार्थी बघायला निघाले. माझं शिकून झालं होतं ना.

आणि शेवटी: पेडल कापू नकोस. पण तिथे राहायलाच पाहिजे असंही नाही.

हे सगळं खिशात घेऊन तू माझ्यासमोर उभा होतास आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणाले की तू मारलंस. आणि तू हं म्हणालास.

आता माझं ऐक. पत्र वाचून होईपर्यंत पावणेसहा झाले होते. सोमवारी मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. एकही चूक केली नाही, म्हणाले होते ना तुला? शहाणपणा. त्यानंतर दिवे लागले नव्हते, एकदाही नाही. मी चप्पलही न घालता गॅरेजमध्ये धावले. उजव्या सीटवर बसले आणि क्लच न दाबता गिअर ओढला. जुना दांडा असा कर्रकन वाजला की दात शिवशिवले. आरसा बघितला नाही. हँडब्रेक सोडलाच नाही. उजवीकडे वळताना डावा हात दाखवला. बंद गाडीत, घामाघूम होऊन, जेवढं चुकता येतं तेवढं चुकले. काही झालं नाही. नर्सबाई शटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

त्यांचा पांढरा गाऊन लाल झाला होता.

मी मान डावीकडे वळवली नाही. आरशातल्या त्यांच्या गाऊनकडेच बघत राहिले.

गोगलगाय


शनिवार, ३० तारीख

दादा,

लॅबला हो म्हणून सांगितलं. मालकीणबाईंनी विचारलं, गाडी? म्हटलं, येते. लायसन्सची परीक्षा पुढच्या महिन्यात, नर्सबाईंच्या गाडीवर. मी पास होईन. काल त्यांना शेजारी बसवून त्यांचीच गाडी चालवत एका दवाखान्यात गेले, एका म्हाताऱ्या माणसाच्या दाताचा रंग जुळवला, परत आले. रस्त्याच्या कडेने एक मुलगी चालत होती, पाठीवर पिशवी. मी काच खाली केली आणि तोंडातून निघून गेलं, बंद पडली का? तिने माझ्याकडे असं बघितलं. लागला मला गावचा आजार.

तर दिवसा मला सगळं येतं. संध्याकाळी मला काही येत नाही. घराण्यातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी व्हायचं ठरवलंय. काल जरा बरं जमत होतं, तशी मी घाबरून वायपर चालू केला.

नर्सबाईंनी एकदाच विचारलं, "किती दिवस करशील असं?" मी म्हटलं, मी हळू शिकते. त्या म्हणाल्या, जिवंत माणसानं जिवंत माणसांत राहावं. मी म्हटलं, तुम्ही या ना रोज चहाला. येतात. साडेसहानंतर येतात, आधी नाही. बॅटरी त्यांच्या गाडीवरून चार्ज करून देतात.

मला भीती वाटते, हे लपवत नाही. पाच वाजले की घरातले सगळे दिवे लावते. कधी कधी वाटतं हे मी नाही ठरवलेलं, तुझ्या जागेवर कुणीतरी हवं होतं आणि मी मिळाले. पण मग बसल्यावर गिअर कर्रकन वाजतो, शेजारी पेडल खाली जातं, आणि दादा, मला शिकवतायत रे.

कवळी पुन्हा कप्प्यात ठेवलीय. फडक्यात नाही. वाटीत, पाण्यात.

पाऊलवाटेवर गवत आलंय, ते येऊ दे. तू आलास तर पुढच्या दाराने ये. सहाच्या आधी. शटर अर्धं वर ठेवते. मागची सीट रिकामी असते. तुझी पाळी येणार नाही, तू पास झालायस. नुसतं बसायला ये.

गोगलगाय